नाकाची सही

दूध उतू गेलं, उतू जाऊन पातेल्याच्या बुडाला लागलं, करपून काळं झालं, आणि ती शेगडीपासून हातभर अंतरावर उभी होती. हातात एका लठ्ठ कुत्र्याच्या वजनाचा तक्ता होता. आठ महिन्यांत दोनशे ग्रॅम कमी, पुढच्या महिन्यात तीनशे जास्त. घरातलं कोण त्याला चोरून भरवत असेल याचा ती विचार करत होती. मालक शपथेवर सांगत होते, बाई शपथेवर सांगत होत्या, आणि कुत्रं तेवढं खरं बोलत होतं, काट्यावर. पलीकडच्या खोलीतून नवरा ओरडला, "अगं, दूध जळतंय! तू तिथेच आहेस ना?" "आहे की," ती म्हणाली, आणि मग खाली बघितलं. नवरा नाकावर रुमाल धरून आत आला, त्याने खिडकी उघडली, शेगडी बंद केली. तो विमा कंपनीत नुकसानीचे पंचनामे करायचा, त्यामुळे घरात पेला फुटला तरी तो आधी कारण शोधायचा. "एवढा धूर झाला आणि तुला कळलं नाही? कारण काय लिहू मी, सांग." "विचारात होते," ती म्हणाली. तो हसून दाढी करायला गेला. तो गेल्यावर तिने पातेलं उचललं आणि नाक जवळजवळ आत घातलं. काही नाही. श्वास सरळ आत जात होता, सरळ बाहेर येत होता, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या. चोंदलेलं नाक तिला ओळखीचं होतं, ते आज ना उद्या उघडतं. हे नाक उघडंच होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं. तिने कॉफीचा डबा उघडला. साबणाची वडी घेतली. व्हिनेगरची बाटली नाकाशी धरली तर आत झोंबलं, पण वास नाही. तू नाकाने कांदे सोलतेस, असं नवरा तिला चिडवायचा. तिने खरोखरचा कांदा चिरून नाकाशी धरला. डोळ्यांना पाणी आलं आणि ते नुसतं कांद्याचं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी तिला ताप आला होता. चार दिवस अंथरूण, मग दोन दिवस अशक्तपणा, मग काम. जेवण भुसा खाल्ल्यासारखं लागत होतं, ते तिने औषधांच्या माथी मारलं. शेवटचा वास कोणता आला होता, हे आता किती आठवलं तरी आठवेना. नवऱ्याच्या टॉवेलचा? पावसाळी चपलांचा? घरातलं घड्याळ बंद पडतं तेव्हा कुणी टिकटिक ऐकत बसलेलं नसतं, तसं झालं होतं. आणि या सगळ्या शोधाशोधीच्या मागे एक गोष्ट दाराशी उभी होती, ती तिला दिसत होती आणि ती तिला आत घेत नव्हती. गेल्या गुरुवारी तिने एका कार्डावर सही केली होती. कळतं पण वळत नाही म्हणतात, तिचं तर त्या सकाळी कळायलाच मन तयार नव्हतं. तिने पातेलं राखेने घासलं, कपडे बदलले, नवऱ्याला डबा दिला, आणि जिन्यावरून उतरताना प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक बंद दारापुढे, आतल्या घरात काय शिजतंय ते ओळखायचा रोजचा खेळ खेळून बघितला. तिसऱ्या मजल्यावर काही नाही. दुसऱ्यावर काही नाही. पहिल्या मजल्यावरची बाई दारात उभी होती, हसली, आणि तिला एकदम वाटलं की या बाईला कळलंय.

नाक तिला वडिलांकडून मिळालं होतं. वडील गुरांचे डॉक्टर. आधी नाक, मग हात, मग पुस्तक, असा त्यांचा क्रम. नऊ वर्षांची असताना ते तिला एका गोठ्यात घेऊन गेले होते. व्यायलेली गाय मान टाकून बसली होती आणि भोवती पाचसहा माणसं पाचसहा कारणं सांगत होती. वडिलांनी कुणाचं ऐकलं नाही. तिला म्हणाले, तोंडाजवळ जा, भिऊ नकोस, वास घे. गाईच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा गोड वास होता. तिने तसं सांगितलं. वडिलांनी सगळ्यांकडे वळून बघितलं आणि म्हणाले, "ही गाय स्वतःची चरबी जाळतेय. माझ्या आधी हिला कळलं. माझं नाक हिने घेतलं." बाईमाणूस गुरांमागे काय धावणार, असं म्हणणाऱ्या घरात तेवढं एक वाक्य तिला पुढची वीस वर्षं पुरलं. तिने पदवी घेतली, शहरात आली, कुत्र्यामांजरांची शस्त्रक्रिया करू लागली, आणि चांगली करू लागली. टाके इतके बारीक की बाकीचे डॉक्टर बघायला यायचे. आणि तरी कुत्री मरायची. शस्त्रक्रियेने नाही, रोगाने नाही, तर खात नाहीत म्हणून. टाके उत्तम, कुत्रं उपाशी. एकदा आतड्याची शस्त्रक्रिया झालेलं एक तांबडं कुत्रं सहा दिवस पिंजऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडलं होतं. ती दुपारी शेजारी फरशीवर बसली, तांदळाची कोमट पेज बोटावर घेतली आणि बोट नुसतं त्याच्या नाकापुढे धरून ठेवलं. वीस मिनिटं. हात अवघडला. मग जिभेचा खरखरीत स्पर्श झाला, एकदा, मग परत. त्या दिवशी तिला वाटलं की आपण आतापर्यंत अर्धंच काम करत होतो.

पस्तिसाव्या वर्षी ती पुन्हा पुस्तकं घेऊन बसली. कुत्र्याला किती उष्मांक, किती फॉस्फरस, म्हाताऱ्या मूत्रपिंडाला कोणतं प्रथिन सोसतं आणि कोणतं नाही. मग ती आजारी कुत्र्यांसाठी बिस्किटं करू लागली, तेव्हा जुने सहकारी तिला बिस्किटवाली म्हणू लागले. वडील तर म्हणाले, "एवढं शिकून शेवटी कुत्र्यांची आचारीण झालीस." पण तिने नेलेलं बिस्किट त्यांनी तोंडात टाकलं, सावकाश चावलं, आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." मीठ मुद्दामच कमी होतं. ते गेले तेव्हा त्यांच्या कोटाच्या खिशात तिच्या बिस्किटाचा अर्धा तुकडा निघाला, आणि तो त्यांनी कुत्र्यासाठी ठेवला होता की स्वतःसाठी, हे तिला कधी कळलं नाही. हळूहळू माणसं येऊ लागली. बहुतेक लठ्ठ कुत्र्यांची. "काहीच खात नाही हो," असं म्हणणारी. ती त्यांना वही घालून द्यायची, दिवसभरातला प्रत्येक घास लिहा म्हणायची, आणि लोक प्रामाणिकपणे लिहायचे, पण गोळी भरवताना भोवती गुंडाळलेलं चीज कुणी लिहायचं नाही. ते औषधात धरायचे. अशा गमती तिला ठाऊक होत्या, तिच्या धंद्याच्या होत्या, आणि तिचा त्यावर जीव होता. आता गाडी चालवताना तिला दिसत होतं की हे सगळं, ही पंधरा वर्षं, दोन नाकपुड्यांवर उभी आहेत.

कामाची जागा म्हणजे पुढे तपासणीची खोली, जमिनीलगत बसवलेला काटा, भिंतीला टेकून तीन खुर्च्या, आणि मागे बिस्किटांची भट्टी. भट्टी सांभाळायचे ते भट्टीवाले काका. तीस वर्षं पाव भाजून निवृत्त झाले आणि घरात बसवेना म्हणून इथे आले. प्रत्येक घाणा भाजून झाला की त्याचं एक कार्ड असायचं. वजन, ओलावा, रंग, कडकपणा, यासाठी यंत्रं होती, आणि ते रकाने काका भरायचे. शेवटचा रकाना वासाचा. तिथे तिची सही. काका त्याला नाकाची सही म्हणायचे. ती झाल्याशिवाय एक पाकीट बाहेर जात नसे. आणि सहीनंतर घाणा जायचा साहेबांपुढे. साहेब म्हणजे तिथेच राहणारा तेरा वर्षांचा कुत्रा. जाड भुवया, मागे हात बांधल्यासारखी चाल, आणि कुठेही घाई नाही. त्यांच्यापुढे दोन वाट्या ठेवायच्या, एकीत जुना घाणा, एकीत नवा, आणि आधी कुठे जातात, किती खातात ते लिहायचं. गेल्या शुक्रवारपासून साहेब दोन्ही वाट्यांपाशी यायचे, जुनी संपवायचे, नवीकडे तोंड न्यायचे आणि फिरवायचे. मग भिंतीपाशी जाऊन बसायचे. तिने त्यांचं पोट दाबून बघितलं होतं. ताप घेतला होता. वाट्या बदलल्या, वाट्यांची जागा बदलली. सोनोग्राफी केली. काल रक्त पाठवलं.

आज टेबलावर रक्ताचा अहवाल पडला होता. काका हात पुसत भट्टीच्या दारात आले. "साहेबांचं काय आलं?"

"सगळं व्यवस्थित आहे. मूत्रपिंड, यकृत, साखर. माझ्यापेक्षा बरे आहेत."

"मग?"

"मग काही नाही. वय झालं. नाहीतर एखादी दाढ असेल. उद्या भूल देऊन बघू, लागली तर काढू."

काका एक पाऊल पुढे आले. "डॉक्टर, एक बोलू? रागावणार नसाल तर."

"बोला ना."

"काल मी घरून शिळा पाव आणला होता. वाळून खडखडीत झालेला. साहेबांनी दोन घासांत उडवला. दाढ दुखणारा शिळा पाव खात नाही." त्यांनी फडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "साहेबांना काही झालेलं नाही. झालंय ते बिस्किटाला."

"त्यावर माझी सही आहे, काका."

"म्हणून तर गप्प बसलो."

दाराशी उभी असलेली गोष्ट आता आत येऊन समोर बसली. काका हळू आवाजात, ओशाळल्यासारखं, जणू चूक त्यांचीच आहे असं बोलत होते. गेल्या वर्षी तेल बदललं तेव्हा ते म्हणाले होते की वास वेगळा येतोय. तेव्हा ती म्हणाली होती, नाक माझं, भट्टी तुमची. तेव्हा तेल चांगलंच होतं, ती म्हणाली तेच खरं निघालं, आणि चार माणसांत त्यांची शोभा झाली. म्हणून या वेळी पीठ मळतानाच काहीतरी खटकलं तरी ते बोलले नाहीत. तिने सही केली. त्यांनी समजूत घालून घेतली की डॉक्टरना कळतं. ते बोलत होते आणि तिच्या मनात एकच चित्र होतं, साहेब टेबलावर भूल देऊन आडवे, जीभ बाहेर, आणि ती एक धडधाकट दाढ उपटतेय. ते कुत्रं पाच दिवस तिला सरळ शब्दांत सांगत होतं की हे खवट आहे, आणि ती त्याचं रक्त काढत होती. तिला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. मालक खोटं बोलतात, कुत्रं खरं बोलतं, हे ती पंधरा वर्षं लोकांना शिकवत आली होती.

"काका," ती म्हणाली, "मला वास येत नाही."

"सर्दी आहे?"

"नाही. नाक गेलंय. तीन आठवडे झाले असतील. मला आज सकाळी कळलं." आणि मग खरं तेही सांगावं म्हणून, "कदाचित आधीही कळलं असेल."

तिला वाटलं होतं ते अरेरे म्हणतील. काका म्हणाले, "मग सांगायचं ना. तीस वर्षं पाव भाजलाय, माझं नाक काय तोंडावर शोभेला ठेवलंय?" ते आत गेले आणि बिस्किटात घालायच्या माशाच्या तेलाचा डबा घेऊन आले. बूच काढून हुंगला. तिने वास बघितला, म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर बघितला. ओठ मुडपले, डोळे बारीक झाले, मान मागे गेली. "जुन्या रंगाच्या डब्यासारखा मारतोय. बूच नीट बसलेलं नाही याचं, आत हवा गेलीय." चाळीस पाकिटं कपाटात होती, अजून बाहेर गेली नव्हती. तिने सुटकेचा श्वास घेतला, आणि तो अर्ध्यातच अडकला. एक पाकीट गेलं होतं. तिने स्वतःच्या हाताने दिलं होतं, गेल्या शनिवारी, गणिताच्या बाईंना.

गणिताच्या बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या शिक्षिका. त्यांची कुत्री चौदा वर्षांची. सहा पिल्लांतली पाच लोकांनी नेली, एक उरली, म्हणून तिचं नाव बाकी. बाकीची दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. हे घाणेच्या घाणे बनवले जायचे ते तिच्यासारख्यांसाठीच. औषधांनी तिचा एखादा महिना काढता आला असता, पण तिने खाल्लं तर वर्ष, दोन वर्षं. आणि मळमळणाऱ्या कुत्र्याच्या पोटात एकदा वाईट घास गेला की ते त्या खाण्याला कायमचं मुकतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. कुत्रं फुंकतही नाही, उठून जातं. तो वास, ती वाटी, ती जागा, वाटी पुढे करणारा हात, सगळ्यावरून त्याचं मन उडतं. तिने फोन लावला. बाईंनी पहिल्याच घंटेला उचलला.

"मी तुम्हाला फोन करणारच होते, डॉक्टर. म्हणजे रोज ठरवत होते. बाकीने पहिल्या दिवशी एक बिस्किट खाल्लं आणि ओकली. मग काहीच खाल्लं नाही. चार दिवस झाले. तुम्ही म्हणाला होतात ना, चिकाटी सोडू नका, म्हणून मी तेच पुढे करतेय. काल रागावले सुद्धा तिला."

"मग आला का नाहीत?"

"तुम्ही म्हणाला असतात की आता हिला झोपवू या. म्हणून नाही आले."

"बाई, ती बिस्किटं आत्ता टाकून द्या. घराबाहेर टाका. मी येते."

फोन ठेवला आणि तिला काही सुचेना. काय न्यायचं? मेंदूत पाककृती रांगेने उभ्या होत्या आणि प्रत्येक पाककृती तिला वासाने आठवत होती, भाजलेल्या यकृताचा, माशाचा, आणि आता त्या जागी नुसती नावं उरली होती. काकाच म्हणाले, "ती पांढरी बिस्किटं करून बघू? अंड्याचा पांढरा बलक आणि तांदळाचं पीठ. तुम्ही बाद केली होतीत. वास येत नाही, मेलेली आहेत म्हणाला होतात." तिने त्यांच्याकडे बघितलं. माशाचा वास, यकृताचा वास, तो कुणाला आवडायचा? धडधाकट साहेबांना. आणि तिला. ज्याच्या पोटात ढवळतंय त्याला वास नको असतो, हे पुस्तकात लिहिलेलं होतं, तिने स्वतः लोकांना सांगितलेलं होतं, तापात स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं. आणि तरी एवढी वर्षं आजारी कुत्र्यांसाठी तिने स्वतःच्या नाकाला आवडेल ते केलं होतं. "करा," ती म्हणाली. "साखरेच्या दाण्याएवढं मीठही नको. आणि आकार वेगळा करा, त्या बिस्किटांसारखा दिसता कामा नये." काकांनी नखाएवढे लहान गोळे केले. ते भट्टीत होते तेवढ्यात तिने नवऱ्याला फोन करून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे सकाळी मी उगाच ओरडलो." मग म्हणाला, "उद्या सुट्टी टाकतो. नाकाच्या डॉक्टरकडे जाऊ. परत येतो वास बऱ्याच जणांचा, आमच्या ऑफिसातल्या एकाचा आला, सहा महिन्यांनी." "नाही आला तर?" "नाही आला तर मी स्वयंपाक करतो आणि तुला आवडलाच पाहिजे." ती हसली आणि हसता हसता रडली, आणि साहेब भिंतीपाशी बसून हे सगळं गंभीरपणे बघत होते.

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. एकच मोठी खोली, एका भिंतीला फळा, त्यावर अजूनही कुणाच्या तरी शिकवणीचं अर्धं उदाहरण. बाकी टेबलाखाली होती. वाटी ओट्याजवळ होती आणि बाकी तिच्यापासून जास्तीत जास्त जितकं लांब जाता येईल तितकी लांब गेली होती. डॉक्टरीण फरशीवर बसली, हिरड्या बघितल्या, कोरड्या. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश बसली. मळमळ थांबायचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन सोडलं. "आता तासभर थांबायचं," ती म्हणाली. बाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. तास म्हणजे फार मोठा असतो. ती डॉक्टरसारखं काहीतरी बोलत बसू शकली असती, पण तिने सगळं सांगितलं. ताप, सही, तेल, साहेब. "चूक माझी आहे. बाकीची नाही आणि तुमचीही नाही."

बाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "म्हणजे ती चार दिवस मला सांगत होती, आणि मी तिला रागावत होते?"

"हो."

"तुमच्या सांगण्यावरून."

"हो, बाई."

बाई उठल्या. खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. ती फरशीवर बसून राहिली, सलाईनचे थेंब मोजत, आणि तिला वाटलं की आता या मला जा म्हणतील आणि ते योग्यच असेल. मग बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मी एकदा फळ्यावर उदाहरण चुकीचं सोडवलं होतं. मुलींनी मुकाट उतरवून घेतलं. एकीने वही मिटून ठेवली. मी तिला वर्गाबाहेर उभं केलं. घरी आल्यावर लक्षात आलं."

"मग?"

"रात्रभर वाटलं नोकरी सोडावी. दुसऱ्या दिवशी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि तेच उदाहरण परत सोडवलं. दुसरं काय करणार?" बाई वळल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गातला होता. "रडू नकोस. ऊठ. काय करायचं ते सांग मला."

तिला ते 'तू' ऐकून बरं वाटलं. तिने सांगितलं. जुनी वाटी बाहेर. नवी वाटीही नको, कागद घ्या. ओट्याकडे नाही, तिकडे, उन्हाच्या पट्ट्याजवळ. आणि मुख्य म्हणजे तुम्ही तिच्याकडे बघायचं नाही. चार दिवस तुम्ही आशेने बघताय आणि तिला ते ओझं झालंय. कागदावर पाच पांढरे गोळे ठेवून त्या दोघी बाकीकडे पाठ करून फळ्यासमोर खुर्च्या घेऊन बसल्या, दोन मोठ्या बायका, शिक्षा झाल्यासारख्या. समोर ते अर्धं उदाहरण होतं. मागे काहीच आवाज नव्हता. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ती आपल्या नाकाकडे लक्ष देत होती, सवयीने, आणि तिथे काही नव्हतं, आणि मग तिच्या लक्षात आलं की कान किती उघडे आहेत. नखं वाजली. थांबली. परत वाजली. फरशीवर कागद जरासा सरकला. बाईंनी तिचं मनगट धरलं. बराच वेळ काही नाही, हुंगण्याचे छोटे छोटे श्वास, आणि तिला त्या कुत्रीचा हेवा वाटला. मग कुडुम असा एक अगदी लहान आवाज झाला. बाईंनी डोळे मिटले आणि दुसऱ्या हाताचं एक बोट उघडलं. परत आवाज. दुसरं बोट. तिसरं. मग खूप वेळ गेला, इतका की बाईंचं चौथं बोट अर्धवट उघडून तसंच राहिलं, आणि मग आवाज झाला. आणि लगेच पाचवा. आणि मग कागद चाटल्याचा.

"अजून देऊ?" बाई कुजबुजल्या.

"आता नाही. दोन तासांनी पाच. आज पोटात राहिलं की उद्या दहा."

"राहील?"

"राहील असं वाटतंय," ती म्हणाली. आणि मग, "मला माहीत नाही. पण वाटतंय."

त्या वळल्या तेव्हा बाकी उन्हाच्या पट्ट्यात बसून मिशा चाटत होती, आणि हे काय, तुम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून का बसला होतात, असं तिच्याकडे बघून वाटत होतं. बाई गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या आणि ओट्याकडे गेल्या. तवा ठेवल्याचा आवाज आला. "बाई, काय करताय?" "मला भूक लागलीय," बाई जरा रागानेच म्हणाल्या. "चार दिवस घास उतरत नव्हता. हिच्यासमोर बसून कसं जेवायचं? तू पण खाणार आहेस, नाही म्हणू नकोस." त्यांनी चार अंडी फोडली, पाव कापला. डॉक्टरीण टेबलापाशी बसली. तीन आठवडे ती जेवत नव्हती, पोटात काहीतरी टाकत होती. आता तव्यावरच्या अंड्याची कड चुरचुरताना ऐकू येत होती, आणि तोंडाला पाणी सुटलं, वासाशिवाय, याचं तिलाच आश्चर्य वाटलं. बाईंनी फडताळातून लोण्याची वाटी काढली, झाकण उघडलं, कपाळाला आठ्या घातल्या. "चार दिवस तसंच पडलंय. खवट नाही ना झालं? माझ्या नाकाचा काही भरवसा नाही, तू बघ जरा," आणि वाटी तिच्या नाकाखाली धरली.

दोघी तशाच थांबल्या. बाईंचा हात हवेत, वाटी तिच्या ओठांना टेकलेली. मग बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी जीभ चावली. आधी हसली ती डॉक्टरीणच. बाईंना आधी धीर होईना, मग त्याही हसल्या, पदराने डोळे पुसत, इतक्या की अंड्याची एक बाजू करपली आणि ते दोघींनाही कळलं नाही. हसणं ओसरल्यावर बाई टेबलाला धरून वाकल्या आणि त्यांनी वाटी खाली नेली. बाकीने मान पुढे केली, वाटीच्या कडेने एकदा नाक फिरवलं, सावकाश, घाई न करता, आणि मग जिभेने लोण्याच्या मधोमध एक स्वच्छ रेघ ओढली. असल्या एका चाटण्यावरून तिने आजवर कितीतरी मालकांना तासभर सुनावलं होतं. आज तिने आपला पाव पुढे सरकवला.

"चांगलं आहे म्हणते," बाई म्हणाल्या, आणि रेघेच्या बाजूचं लोणी सुरीने काढून तिच्या पावाला लावू लागल्या.